पाटी बदला, सभा चालू!

जालन्याहून परभणीकडे निघालात की रांजणीनंतर परतूर येतं. गाडी थांबते, चहावाला खिडकीशी येतो, सुट्ट्यांवरून दोन शब्द होतात आणि गाडी हलते. याच गावात 1937 साली निजामी राज्यातल्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं होतं. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. तेव्हा ही लाइन मीटरगेज होती, आणि परतूर जालना जिल्ह्यात नव्हतं. असणार कसं? जिल्हाच नव्हता! परतूर परभणीत, जालना औरंगाबादेत. दोघं एका घरात आले ते 1 मे 1981 ला.

साहेब कोण?

निजामाच्या मराठवाड्यात 'तालुकदार' तालुक्याचा नव्हे, जिल्ह्याचा साहेब असे. तालुका बघायचा तहसीलदार. कारभार उर्दूत, वर्ष फसली. अर्जाच्या नुसत्या तारखेतच माणूस अडकायचा.

गश्ती निशान 53

सरकारी परिपत्रकाला 'गश्ती' म्हणत. त्यातली 53 नंबरची गश्ती मराठवाड्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी शिवीसारखी बसली होती. जाहीर सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी काढा, हा तिचा मथितार्थ. मग करायचं काय? भाषा, शाळा, वाचनालय असे सोवळे विषय पुढे करायचे. मनात होती जबाबदार राज्यपद्धती, म्हणजे लोकांनी निवडलेल्यांना जाब देणारं सरकार. सरकारलाही ते कळत होतं, पण वाचनालयाला नाही कसं म्हणणार?

ही युक्ती आयर्लंडमध्ये शंभर वर्षं आधी वापरून झाली होती. तिथल्या कॅथलिकांना पार्लमेंटात बसायला बंदी होती. डॅनियल ओकॉनेल या वकिलाने 1823 साली कॅथलिक असोसिएशन काढली. पुढच्या वर्षी वर्गणी लावली महिन्याला एक पेनी, म्हणजे शेतमजुरालाही झेपेल अशी. सरकारने 1825 साली कायदा करून संस्था बंद पाडली. वकीलच तो! त्याच वर्षी 'नवी' कॅथलिक असोसिएशन उभी राहिली, उद्देशांत दानधर्म आणि शिक्षण. 1829 साली पार्लमेंटात बसायची बंदी उठलीच. मात्र त्याच साली आयर्लंडच्या ग्रामीण मतदारसंघांत मतदाराची मालमत्तेची अट 40 शिलिंगांवरून 10 पौंडांवर, म्हणजे पाचपट नेली. ज्या छोट्या कुळांच्या जोरावर लढाई जिंकली, त्यांचंच मत गेलं. असा व्यवहार मोंढ्यातला अडत्यासुद्धा करणार नाही.

सभा आमची, गाव दुसऱ्याचं

परतूरच्या आधी हैदराबादची राजकीय परिषद राज्याबाहेरच भरायची. 1923 ला काकीनाडा, 1926 ला मुंबई, 1928 ला पुणे, 1931 ला अकोला. अकोल्याची खरी मजा. वऱ्हाडावर कागदोपत्री मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. म्हणजे निजामाच्या राज्यकारभारावर बोलायला मंडळी निजामाच्याच जमिनीवर बसली होती, फक्त पोलीस दुसऱ्याचे!

आमचंही चुकलं

1921 साली हैदराबादेत महर्षी कर्व्यांच्या अध्यक्षतेखाली समाजसुधारणा परिषद भरली. एक वक्ता तेलुगूत बोलायला उभा राहिला आणि मराठी मंडळींनी त्याची हुर्यो उडवली. दुखावलेल्या तेलुगू मंडळींनी लगेच आपली संघटना काढली आणि 1930 साली आंध्र परिषद भरवून मंडळी मोकळी झाली. आपण परतूरपर्यंत पोचायला आणखी सात वर्षं लावली. हा किस्सा आपल्याकडे जरा हळू आवाजातच सांगतात.

जन्माआधी बंदी

1938 साली हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. 24 ऑक्टोबरला सत्याग्रहाची पहिली तुकडी निघाली, पुढे आपले परतूरचे अध्यक्ष नानल. नंतर तडजोड म्हणून ओकॉनेलची युक्तीही करून पाहिली. 'काँग्रेस' शब्द खुपतो ना, मग 'नॅशनल कॉन्फरन्स' म्हणू. सरकार त्यालाही बधलं नाही. बंदी उठली थेट 1946 मध्ये. तोवर महाराष्ट्र परिषदेची पाटी कामाला आली.

तुमचा धंदा काय?

निजामाने 1939 साली सुधारणा जाहीर केल्या. प्रतिनिधी गाववार निवडायचे नाहीत, धंदेवार निवडायचे: जहागीरदारांचे वेगळे, वकिलांचे वेगळे, डॉक्टर, व्यापारी, शेतकरी, सगळ्यांचे वेगळे. एकाच गल्लीतले दोन शेजारी दोन मतदारसंघांत! महायुद्धामुळे हेही लांबलं आणि 1946 च्या निवडणुकीवर स्टेट काँग्रेसने बहिष्कार टाकला.

17 सप्टेंबर 1948 ला निजामाची सत्ता संपली. 1952 च्या निवडणुकीत मतदान खोलीत प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असायची, वर चिन्ह चिकटवलेलं. कागदावर शिक्का नाही, सही नाही. हव्या त्या पेटीत मतपत्रिका टाकायची आणि बाहेर यायचं. परतूरच्या मतदारानेही तेच केलं.