उतारा आणि त्याचें उत्तर

“पुढील उतारा वाचून प्रश्नांचीं उत्तरें लिहा,” ही परीक्षेंतील सूचना मुलांच्या इतक्या ओळखीची झालेली असते कीं, तींतील ‘वाचून’ या शब्दाकडे त्यांचें लक्षच जात नाहीं. गुण जातात ते बहुधा तेथेंच.

एक उदाहरण घ्यावें. इ. स. १६७० च्या फेब्रुवारींत तानाजी मालुसऱ्यानें कोंढाणा सर केला, ही कथा महाराष्ट्रांतील मुलांना पाळण्यापासून ठाऊक असते. समजा, सभासदाच्या बखरींतील हा प्रसंग उताऱ्यासाठीं दिला आणि विचारलें, “मावळे कडा कसे चढले?” मुलगा तत्काळ लिहितो, “घोरपडीला दोर बांधून.” मास्तर शून्य देतात. मुलगा रडवेला होऊन घरीं येतो व आईबापांनाही तो अन्यायच वाटतो. कारण त्यांनींही लहानपणीं हेंच ऐकलेलें असतें.

परंतु त्या उताऱ्यांत घोरपड नाहींच. सभासदाचे मावळे वानरांप्रमाणें कडा चढून जातात. घोरपड येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यांतून. मुलगा खोटें बोललेला नसतो. त्यानें एका ग्रंथाच्या प्रश्नाला दुसऱ्याचें उत्तर दिलेलें असतें.

म्हणून उताऱ्याखालील प्रश्न तीन प्रकारचे असतात, हें मुलांस प्रथम शिकवावें. कांहींचें उत्तर उताऱ्यांत सरळ लिहिलेलें असतें. त्या ओळीवर बोट ठेवतां आलें पाहिजे. कांहींचें उत्तर दोन वाक्यें जुळवून काढावें लागतें. मावळ्यांनीं दरवाजा सोडून कडा कां धरला? रात्रीची वेळ आणि अवघड वाट हीं एकत्र पाहिलीं म्हणजे शत्रूला गाफील गांठण्याचा हेतु उमजतो. तिसऱ्या प्रकारांत विद्यार्थ्याचें मत विचारलेलें असतें. पण त्यालाही आधार उताऱ्याचाच द्यावयाचा असतो.

पोवाड्याचा उतारा असेल तर प्रश्नाचें रूप पालटतें. घोरपड खरोखर होती काय, हें तेथें विचारीत नाहींत. शाहिरानें ती आणल्यानें प्रसंगाला कोणता रंग चढला, हें विचारतात. इतिहासाच्या उताऱ्याविषयीं मात्र तो कोणीं, केव्हां व कोणासाठीं लिहिला, हें पाहावें लागतें. सभासदानें आपली बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. म्हणजे प्रसंगानंतर बऱ्याच वर्षांनीं. तानाजी पडल्यावर गडाला ‘सिंहगड’ हें नांव मिळालें, अशी समजूत रूढ आहे. पण शिवाजी महाराजांच्या १६६३ सालच्या पत्रांत तें नांव आधींच आढळतें. कागद नीट वाचला म्हणजे लाडक्या समजुतीही तपासून घ्याव्या लागतात.

घरीं याचा अभ्यास करून घेण्यास मोठी पुस्तकें नकोत. संध्याकाळीं वर्तमानपत्रांतील एखादा परिच्छेद मुलाकडून दोनदां वाचून घ्यावा, आधीं आशयासाठीं व मग प्रश्न समोर ठेवून. उत्तर त्याच्याच शब्दांत व पूर्ण वाक्यांत मागावें. तें बरोबर आलें तरी लगेच शाबासकी देऊं नये, एवढेंच विचारावें, “हें कोठें लिहिलें आहे, दाखव पाहूं!” जो मुलगा ती ओळ दाखवूं शकतो, तो पुढें कोणाच्याही तोंडीं न बोललेले शब्द घालणार नाहीं.