नऊ थर आणि आईची सही

कुणाला क्रिकेटचं वेड असतं, कुणाला कुस्तीचं. मला थरांचं आहे. लग्न होऊन डोंबिवलीला आले तेव्हा सासूबाईंनी माझी आवड विचारली आणि मी बावळटासारखं खरं सांगून टाकलं, "गोविंदा बघायला आवडतो." त्या म्हणाल्या, "म्हणजे सिनेमातला?" आता यावर काय बोलणार!

माझं माहेर लालबागचं, चाळीतलं. आमच्या चाळीची हंडी दोन गॅलऱ्यांच्या मधे दोर लावून बांधायची. त्यात दही, पोहे, काकडी, केळी आणि एक्कावन्न रुपयांचं पाकीट. थर लागायचे चार, फार तर पाच. आम्ही पोरीबाळी वरून बादल्यांनी पाणी ओतायचो, आणि ज्याला लग्नाचं बघायचं चाललं असेल त्याच्या डोक्यावर जरा जास्तच! हंडी फुटली की काल्यासाठी पळापळ. संध्याकाळी पोरं हळद लावून बसायची. कुणाचा गुडघा, कुणाचं कोपर. त्याहून मोठं काही घडल्याचं मला आठवत नाही.

ठाण्याची हंडी मात्र वेगळीच. टेंभी नाक्याची हंडी आनंद दिघेंनी सुरू केली, आणि तिचा मान त्यांच्यामागेही राहिला. पुढे पाचपाखाडीला जितेंद्र आव्हाडांची, वर्तकनगरला प्रताप सरनाईकांची, जांभळी नाक्याला राजन विचारेंची, नौपाड्यात मनसेची. एका शहरात, एकाच दिवशी! पाकिटातले रुपये हजारांत गेले, हजारांचे लाख झाले. जोगेश्वरी, माझगाव, परळहून ट्रक भरभरून पथकं ठाण्याला यायला लागली. हंडी वर गेली आणि तिच्यामागे थर वर गेले. पाचाचे सात, सातांचे आठ, आठांचे नऊ. १० ऑगस्ट २०१२ ला जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर रचले, ४३.७९ फूट. गिनीज बुकात नोंद झाली. त्या दिवशी रात्री मी भात करपवला होता, तो का ते तुम्हाला कळलंच असेल.

ज्यांनी थर फक्त टीव्हीवर पाहिलेत त्यांना तो नुसता पोरांचा डोंगर वाटतो. तसं नसतं हो. खाली पायाला शंभरावर मुलं असतात. मधल्या जाडजूड मुलांभोवती कडी, त्या कडीभोवती आणखी कडी, सगळ्यांचे हात पुढच्याच्या पाठीला लावलेले. बाहेरून रेटा नसेल तर आतला माणूस उभा राहूच शकत नाही. त्यांच्यावर दुसरा थर, तिसरा थर, माणसं कमी कमी होत जातात. शेवटी वरचे चार थर एकेकाच माणसाचे. त्याला 'चार एक्के' म्हणतात. खालच्या मुलांना वर काय चाललंय ते दिसत नाही, त्यांनी माना खाली घातलेल्या असतात. बाहेर उभा असलेला एकजण ओरडून सांगतो, त्यावरच त्यांचा भरवसा. सगळ्यात वरचं पोर सरळ उभं राहतं, हात वर करून सलामी देतं, आणि तेवढ्या दोन क्षणांसाठी आख्खा रस्ता श्वास धरतो. मग उतरणं. चढण्यापेक्षा उतरणं अवघड, हे जाणकार सगळे सांगतात. थर पुष्कळदा उतरतानाच कोसळतात, कारण बघणाऱ्यांच्या टाळ्या झालेल्या असतात आणि मुलांचं लक्षही सुटलेलं असतं.

हे सगळं गुरुपौर्णिमेपासून महिना-सव्वा महिना रोज रात्री, नोकऱ्या-कॉलेजं सांभाळून. मग त्याला खेळ म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

पण या खेळाला मैदान नाही, रस्ता आहे. आणि रस्त्यावर मंडप कुणाचा, तर पुढाऱ्याचा. पथकाला टी-शर्ट लागतात, ट्रक लागतो, दीडशे मुलांचा नाश्ता लागतो. हा खर्च कुठून येणार? टी-शर्टच्या पाठीवर ज्याचा फोटो, त्याच्याकडून. आणि तो माणूस परका नसतो, ही आपल्याकडची खरी गोम आहे. ठाणे नगरपालिकेत शिवसेनेची सत्ता आली ती १९६७ साली. तेव्हापासून आपल्या भागात शाखा म्हणजे अडल्या वेळेचं दार. आमच्या बिल्डिंगला पाणी येत नव्हतं तेव्हा शाखेतल्या मुलांनीच धावपळ केली. सासऱ्यांना रात्री दोनला दवाखान्यात न्यायचं होतं, गाडी त्यांनीच आणली. त्याच मुलांचं पथक. ती दारात येऊन "काकू, यंदा धाकट्याला पाठवा" म्हणाली, की कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं?

आमचा धाकटा अंगाने काडी. वरच्या थराला असंच मूल लागतं.

इथे जरा कोर्टाचं सांगायला हवं. २०१४ च्या ऑगस्टात मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालच्या मुलांना बंदी केली आणि उंचीला वीस फुटांची मर्यादा घातली. याचिका एका बाईची होती, स्वाती पाटील या सामाजिक कार्यकर्त्या. आमच्या जिन्यात त्या बाईंना किती नावं ठेवली गेली, काय सांगू! त्यात मीही होते. वीस फूट म्हणजे चार थर, मग बघायचं काय, असं माझं म्हणणं. त्याच महिन्यात नवी मुंबईत सरावाच्या वेळी चौदा वर्षांचा एक मुलगा पडून गेला होता. ती बातमी मी वाचली होती. वाचून घडी घातली होती.

मग सर्वोच्च न्यायालय. आधी उंचीच्या बंदीला स्थगिती, आणि १७ ऑगस्ट २०१६ ला दोन्ही बंधनं कायम. हंडी होती २५ तारखेला. आठ दिवस नुसता धुरळा! दादरला काही मुलांनी रस्त्यावर आडवं झोपून नऊ थर लावून दाखवले. नौपाड्यात मनसेने वीस फुटांच्या दुप्पट उंच हंडी बांधली, कायदा मोडणार असं छापलेले टी-शर्ट मुलांच्या अंगावर होते, नऊ थर लागले आणि गुन्हेही दाखल झाले. मी बघायला गेले होते. खोटं कशाला बोलू, नववा थर उभा राहिला तेव्हा मीही ओरडले.

पुढच्या वर्षी, ७ ऑगस्ट २०१७ ला, उच्च न्यायालयाने उंची ठरवणं आपलं काम नाही म्हटलं. सरकारने सांगितलं, चौदा वर्षांखालच्या मुलांना घेणार नाही. हंडी पंधरा ऑगस्टला. आमचा धाकटा तेव्हा बारा वर्षांचा.

दहा तारखेला रात्री पथकातला एकजण संमतीपत्र घेऊन आला. "काकू, वयाच्या रकान्यात चौदा लिहा. कुणी बघत नाही." हे पेपर वाचत होते, वर बघितलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "पोराचा हिरमोड करू नकोस." धाकटा दाराआडून माझ्याकडे बघत होता. मी चौदा लिहिलं आणि सही केली.

ठाण्यातल्याच एका हंडीला, आमच्या पथकाने सात थर लावले. सलामी झाली. उतरताना चौथा थर हलला. मी पन्नास पावलांवर होते, पण गर्दीतून तिथे पोचायला मला किती वेळ लागला ते अजूनही सांगता येत नाही. माझं मूल खालच्या मुलांच्या हातांवर पडलं म्हणून मनगटावर निभावलं. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. माईकवर तोवर पुढच्या पथकाचं नाव पुकारलं गेलं होतं. गाणं थांबलं नव्हतं. मंचावरच्यांना दोष द्यावा तर तिथून ते दिसलंही नसेल.

पथकाने सगळ्या मुलांचा विमा उतरवला होता. कागद मागवले तेव्हा जन्मदाखला मागितला. दाखल्यावर बारा, फॉर्मवर चौदा. विम्याचं पुढे काही झालं नाही, आणि मला तक्रार करायला तोंडही नव्हतं. खाली सही माझीच होती. शस्त्रक्रियेचे पैसे आम्ही भरले. शाखेतल्या मुलांनी आपसात वर्गणी काढून काही आणून दिले, हेही सांगायलाच हवं.

त्यानंतरची दोन वर्षं मी हंडीच्या दिवशी टीव्ही लावला नाही. मग हळूच लावला. वेड ते वेडच.

२०२२ साली तर घरातच दोन मंडप झाले! शिवसेना फुटली. टेंभी नाक्यावर मुख्यमंत्री एकनाथ शिंदेंची हंडी, आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर जांभळी नाक्याला ठाकरे गटाची. हे एकीकडे, भाऊजी दुसरीकडे. दोघांचे डबे मी एकाच पोह्यांतून भरले. गंमत म्हणजे पथकं दोन्हीकडे जात होती. मुलांना सलामी द्यायची, बक्षीस घ्यायचं, पुढच्या नाक्याला पळायचं. भांडण मंडपवाल्यांचं.

त्याच वर्षी हंडीच्या आदल्या दिवशी विधानसभेत जाहीर झालं की दहीहंडी हा साहसी खेळ, गोविंदांना खेळाडूंच्या पाच टक्के कोट्यातून नोकरीची संधी, आणि मृत्यू झाल्यास वारसाला दहा लाख. स्पर्धा परीक्षांना बसणारी मुलं कोट्यावरून रागावली, ते बरोबरच होतं. माझ्या कानात मात्र ते 'दहा लाख' राहिले. मोठं बक्षीस जाहीर करावं तसं आमच्या नाक्यावर ते लाउडस्पीकरवरून सांगत होते.

साहसी खेळ म्हटला की नियम आले. २०२३ पासून वरळीला प्रो गोविंदा लीग सुरू झाली, छपराखाली, गाद्यांवर, वेळ मोजून. तिथे बघायला मला आवडतं. पोट गोळा होत नाही. स्पेनमधल्या कातालोनियातही असेच मानवी मनोरे रचतात, युनेस्कोने २०१० मध्ये त्यांना वारसा म्हणून मान दिला. तिथे वर चढणारं मूल हेल्मेट घालतं. आपल्याकडे हेल्मेट आणि दोरी आली, पण सरावाच्या वेळी असतेच असं नाही. आणि मुलं सरावातही पडतात. १६ ऑगस्ट २०२५ ला वर्तकनगरला कोकण नगर पथकाने दहा थर लावले. दहा! मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. त्याच्या थोडेच दिवस आधी दहिसरला सरावात अकरा वर्षांचा मुलगा पडून गेला होता. चौदाचा नियम असून अकरा वर्षांचा. त्याच्या कागदावर काय लिहिलं होतं, मला ठाऊक नाही.

मैत्रिणींनो, मुलाला पाठवूच नका असं सांगणारी मी कोण? माझा धाकटा अजून जातो. आता तो वर चढत नाही, दुसऱ्या थरात खांदा देतो. पण माझ्याकडून शिकण्यासारखं एवढंच, की वय खरं लिहा आणि विम्याच्या यादीत नाव दाखल्याप्रमाणेच आहे ना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. सरावाला एकदा तरी जाऊन उभ्या राहा; गादी आहे का, वरच्या मुलाला दोरी आहे का, विचारा. काकू आल्या म्हणून मुलं हसतील, हसू देत. अष्टमीचा निर्जळी उपास करून सकाळी थरात उभं राहू देऊ नका; पोहे, केळं, लिंबूसरबत पोटात हवं. गळ्यातली साखळी, अंगठी, कडं घरी काढून ठेवायचं. आणि कुणी पडलंच तर चौघांनी हातपाय धरून उचलायचं नाही. मान हलू न देता तिथेच ठेवायचं आणि १०८ ला फोन करायचा. माझ्या मुलाला उचलून पळवलं होतं. मनगटच होतं म्हणून बरं.

गेल्या गुरुपौर्णिमेनंतर आमच्याच जेवणाच्या टेबलावर पथकाची यादी होती. धाकटा आता कागदपत्रांचं बघतो. भाजी निवडता निवडता मी नावं वाचत होते. तळमजल्यावरच्या छोट्याच्या नावापुढे चौदा लिहिलेलं होतं. त्याच्या बारशाला मी पाळणा म्हटला होता, मला त्याचं वय कुणी सांगायला नको. मुलाला म्हटलं, "हे काय रे?" तो म्हणाला, "आई, त्याच्या घरच्यांनीच लिहून दिलंय. सही आहे." मग थोडं थांबून म्हणाला, "वर जाणारं दुसरं कुणी नाहीये."

मी भाजी तशीच ठेवली, यादी घेतली आणि खाली गेले. त्याच्या आईचे हात कणकेत होते. म्हटलं, "वहिनी, हात धुवा आणि छोट्याचा जन्मदाखला काढा बघू."