आजारपणातला थायरॉईडचा रिपोर्ट : गोळीची घाई नको

कंधारच्या ग्रामीण रुग्णालयातून रुग्णाला नांदेडला, विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात हलवले की दोन-चार दिवसांत घरच्यांच्या हातात रिपोर्टांची पिशवी जमते. त्यात एखादा कागद थायरॉईडचा असतो. एखाद्या आकड्यापुढे बाण दिसला की नवी काळजी लागते. न्यूमोनियातून, हार्टअटॅकमधून माणूस वाचला, आता जन्मभराची थायरॉईडची गोळीही मागे लागली का? हा प्रश्न आम्हाला अनेकदा विचारला जातो. म्हणून या वेळी त्याच कागदाविषयी.

गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मुख्यतः टी-४ आणि थोडे टी-३ हे हार्मोन रक्तात सोडते. रक्तातले जवळजवळ सगळे, म्हणजे सुमारे ९९.९७ टक्के टी-४ प्रथिनांना चिकटलेले असते. त्यातला मोठा वाटा टीबीजी नावाच्या प्रथिनावर असतो, उरलेला ट्रान्सथायरेटिन आणि अल्ब्युमिन या प्रथिनांवर. दहा हजार कणांपैकी साधारण तीनच मोकळे फिरतात. पेशींत शिरून काम करतात ते हेच. रिपोर्टात ‘फ्री टी-४’ लिहिलेले असते ते यांचेच प्रमाण.

आपली एसटी डोळ्यांसमोर आणा. टी-४ म्हणजे प्रवासी, प्रथिने म्हणजे गाडीतली आसने. बसलेला प्रवासी शेतात काम करीत नाही. उतरतो तेव्हाच तो कामाला लागतो. आता याच गाडीत दुसरी गर्दी शिरली तर काय होईल?

ही गर्दी असते फॅटी ॲसिडची. आजारपणात अन्न जात नाही आणि शरीरावर ताण असतो. ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल वाढतात, अंगातली साठलेली चरबी फुटते आणि तिच्यातली फॅटी ॲसिड रक्तात उतरतात. त्यांची नेहमीची गाडी अल्ब्युमिनची. पण गंभीर आजारात, लिव्हर-किडनीच्या विकारात किंवा कुपोषणात अल्ब्युमिनच कमी झालेले असते. आसने कमी, प्रवासी जास्त. गर्दी फारच वाढली तर फॅटी ॲसिड टीबीजीवर बसलेल्या टी-४लाही उठवतात आणि फ्री टी-४ वाढलेले दिसते.

मात्र एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. जिवंत शरीरात हा प्रकार एवढ्या प्रमाणात क्वचितच होतो. तो जास्त घडतो तपासणीच्या नळीत, आणि त्याचे मोठे कारण हेपारिन. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हार्टअटॅकमध्ये, आयसीयूत आणि डायलिसिसच्या वेळी हे औषध देतात. त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरचे चरबी फोडणारे एन्झाइम सुटून रक्तात येते. रक्त काढले की ते नळीतही येते आणि तिथेही आपले काम चालू ठेवते. नमुना जितका वेळ पडून राहील, जितका गरम राहील, तितकी फॅटी ॲसिड जास्त. तालुक्याहून नांदेडच्या लॅबपर्यंत उन्हाळ्यात नमुना कसा जातो, हे आपण जाणतोच. अशा वेळी कागदावर वाढलेले फ्री टी-४ रुग्णाच्या अंगात वाढलेले असेलच असे नाही.

याउलट फसवणारा आकडा टी-३चा. मोठ्या आजारात शरीर टी-४पासून टी-३ कमी बनवते. टीएसएचही खाली जाऊ शकते आणि बरे होताना काही दिवस नेहमीपेक्षा वर चढते. त्या दिवसांत तपासले तर ‘थायरॉईड कमी पडतो’ असे वाटते. पण पुष्कळ रुग्णांत ग्रंथी ठणठणीत असते. आजार ओसरला की आकडे आपोआप जागेवर येतात.

मग आपण काय करायचे?

थायरॉईडची शंका घेण्याजोगी लक्षणे नसतील तर दवाखान्यात दाखल असताना ही तपासणी करून घेण्याचा हट्ट धरू नये. तपासणी करावीच लागली तर रुग्णाला हेपारिन चालू आहे हे रक्त घेणाऱ्याला सांगावे, आणि पुढच्या इंजेक्शनच्या आधी नमुना घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. नमुना लवकर लॅबला पोचवावा. एकट्या फ्री टी-४वर निर्णय न घेता डॉक्टर त्याच्यासोबत टीएसएच आणि एकूण टी-४ पाहतात. रुग्ण बरा झाल्यावर साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. बहुतेक वेळा खरे उत्तर तेव्हाच मिळते.

दोन गोष्टी मात्र विसरू नयेत. ज्यांना आधीपासून थायरॉईडचा आजार आहे, त्यांनी आजारपणात गोळी मनाने बंद करू नये. दाखल होताना ती दाखवावी. आणि रुग्ण खूप सुस्त पडला, अंग गार लागू लागले, श्वास मंद झाला, किंवा उलट छाती सारखी धडधडून ताप व बेचैनी वाढली, तर सहा आठवडे थांबायचे नाही. त्याच क्षणी डॉक्टरांना सांगायचे.

कागदावरचा आकडा खोटा नसतो, पण तो त्या दिवसाचा असतो. महिन्याच्या औषधाला लागणारा पैसा आणि जन्मभराची चिंता एका दिवसाच्या आकड्यावर सोपवू नये. तो कागद फाडून टाकू नका, जपून ठेवा. सहा आठवड्यांनी नव्या कागदाशेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा आणि मगच गोळीचे ठरवा.