पत्त्यातून पुसले गेलेले गाव

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले, त्याला २०२५ मध्ये तीस वर्षे झाली. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांच्या ई-मेलच्या पेट्या झोहो या खासगी कंपनीच्या यंत्रणेत हलल्या आणि पत्ते मात्र होते तसेच राहिले. टपाल कुठे साठते याचा पत्त्याशी काहीही संबंध उरलेला नाही, हे यातून उघड झाले.

पत्त्यातील ‘अ‍ॅट’ चिन्हानंतरच्या नावाला डोमेन म्हणतात आणि त्या नावाचे टपाल कोणत्या सर्व्हरने स्वीकारायचे हे सांगणाऱ्या नोंदीला ‘एमएक्स’ म्हणतात. ही नोंद १९८६ पासून रूढ झाली. परंतु ती संपूर्ण नावाला लागू होत असल्याने एकाच नावाखालच्या एका ग्राहकाचे टपाल हैदराबादला आणि दुसऱ्याचे पुण्याला पाठवणे तिला जमत नाही. भारतात ई-मेलची सोय पुढची काही वर्षे मुख्यतः विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांच्यापुरती राहिली.

खरे महत्त्व १९९५ नंतरच्या दशकाचे आहे. निगमाने एकाच डोमेनचे शहरवार पोटभाग पाडले: मुंबईसाठी ‘जीआयएएसबीएम०१’, पुण्यासाठी ‘जीआयएएसपीएन०१’, हैदराबादसाठी ‘एचडी१’, आणि त्यापुढे सर्वांना समान असे ‘व्हीएसएनएल.नेट.इन’. नागपूरकरांचे पत्ते दूरसंचार खात्याच्या ‘नागपूर.डॉट.नेट.इन’ या नावाने ओळखले जात. या लांबलचक पत्त्यांची त्या काळी टवाळी झाली, ती अन्यायाची होती. कारण प्रत्येक पोटभागाला स्वतःची एमएक्स नोंद देता येई आणि एका शहरातील सर्व्हर बंद पडला तरी दुसऱ्या शहरातील पेट्या शाबूत राहत. शहर बदलणाऱ्याला पत्ताही बदलावा लागे, हा दोष मात्र खरा होता. भारत संचार निगमाच्या संचारनेट या इंटरनेट सेवेने पुढे सर्वांना एकच डोमेन दिले आणि शहराची संक्षिप्त खूण ‘अ‍ॅट’ चिन्हाच्या डावीकडे, ग्राहकाच्या नावाआधी नेली. त्यानंतर तीही गेली. आता कोणाची पेटी कुठे आहे हे कंपनीच्या आतल्या यादीलाच ठाऊक असते.

पत्त्यातून गाव गेल्याचे सीमाभागात अधिक जाणवते. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ मध्ये आदिलाबाद जिल्ह्यातून मुंबई राज्यात गेले आणि उरलेल्या जिल्ह्याचे २०१६ मध्ये चार जिल्हे झाले. अशा मुलखातील मराठी माणसांना पत्त्यात गाव असण्याचे मोल इतरांहून अधिक होते. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर आदिलाबादच्या दक्षिणेला हैदराबाद आहे आणि उत्तरेला नागपूर. त्या दशकात ई-मेलचा पत्ता वाचूनच टपाल यांपैकी कुठे उतरणार हे कळत असे. आदिलाबाद जिल्ह्यातील बेल्याहून पैनगंगेपलीकडे पांढरकवड्याला आज धाडलेले चार ओळींचे पत्र कोणत्या शहरातील कोणत्या इमारतीत जाऊन पडले, हे पाठवणाऱ्यालाही सांगता येत नाही आणि ज्याला ते मिळाले त्यालाही नाही.