वार्तापत्रातून चार पैसे

खकनार हा बऱ्हाणपूर जिल्ह्यातला, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेला तालुका. तुमच्याकडे घरात मराठी आणि बाजारात कन्नड, तशी आमच्याकडे अनेक घरांत मराठी आणि शाळेत हिंदी. शिकलेली मुले पोटासाठी गाव सोडतात. म्हणून, ‘सर, गावात राहूनच ई-मेलवर वार्तापत्र चालवता येईल का?’ असे विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी त्यांना किर्लोस्करांची गोष्ट सांगतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचे पुतणे शंकरराव यांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे वार्तापत्र सुरू केले. पण नुसती नांगराची माहिती लोक किती दिवस वाचणार? शंकररावांनी त्यात उद्योगाचे आणि समाजसुधारणेचे विचार आणले. वाचक वाढले, वार्तापत्राचे मासिक झाले. पुढे १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघाले.

आज ना छापखाना लागतो, ना टपालाची तिकिटे. तरी रीत तीच. आधी विषय एकच धरावा. आमच्याकडे केळी, तुमच्याकडे कदाचित दोन्ही भाषांतला स्वयंपाक. ठरलेल्या वारी पत्र गेलेच पाहिजे. पत्ते विकत घेऊ नयेत. ज्याने आपणहून मागितले त्यालाच पाठवावे, आणि नको असेल त्याला बंद करण्याची सोय ठेवावी.

पैशाच्या वाटा दोन, वर्गणी आणि जाहिरात. समजा हजार वाचकांपैकी पन्नासांनी महिना पन्नास रुपये दिले, तर अडीच हजार होतात. एवढ्यावर संसार चालत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावे. २०१७ साली सुरू झालेली सबस्टॅक ही अमेरिकी कंपनी वर्गणीतला दहा टक्के वाटा घेते, तोही हिशेबात धरावा. स्थानिक दुकानदाराची जाहिरात जरूर घ्यावी, पण ती जाहिरात आहे असे लिहूनच छापावी. वाचकाचा विश्वास गेला की वर्गणीही जाते.

सुरुवातीला हातचे काम सोडू नये. वाचकहो, तुमच्या घरातल्या मुलीला दोन भाषा येतात, हेच तिचे भांडवल. तिला वर्षभर लिहू द्या. पहिली वर्गणी तुमची असू द्या.