बालकांचे दूरचित्रवाणीदर्शन आणि पादांशिक क्रम

‘मूल जेवत नाही, भुकेचे काहीतरी द्या’ ही मागणी चिकित्सालयात आणि औषधी दुकानात सारखीच ऐकू येते. अशा वेळी अरविंदासवाची बाटली देऊन मोकळे होणे सोपे असते. परंतु त्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : मूल कोठे बसून जेवते?

गतवर्षी साडेतीन वर्षांचा एक बालक आई व आजीसमवेत चिकित्सेस आला. भूक नाही, मलावष्टंभ आणि रात्री झोप उशिरा, अशा तीन तक्रारी होत्या. निरनिराळी टॉनिके देऊन झाली होती. वजन व उंची वयास अनुरूप होती. दिनचर्या विचारता असे कळले की, सकाळचे दूध, दुपारचे जेवण, सायंकाळचा एक तास व रात्रीचे जेवण, असे दिवसातून चार तास टीव्ही चालू असे. चित्रे पाहण्यात गुंगलेल्या मुलाच्या तोंडात आई घास भरवीत असे. शौचाची भावना झाली तरी तो जागचा उठत नसे.

हेतुविचार

येथे हेतू स्पष्ट आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविधी सांगताना मन अन्नाकडे ठेवून जेवावे, असे बजावले आहे. ज्याचे मन पडद्यावर आहे, त्या बालकास भूक व तृप्ती या दोन्हींची जाणीव राहत नाही. त्यात चक्षुरिंद्रियाचा अतियोग, मलवेगाचे धारण आणि निद्रेचा विघात यांची भर पडते. हेतुसेवन चालू असताना दीपन-पाचन द्रव्ये कितीशी उपयोगी पडणार? निदान परिवर्जन हीच येथे प्रथम चिकित्सा होय.

परिवर्जन कसे करावे?

बहुतेक पालक एके दिवशी टीव्ही एकदम बंद करतात. मूल आकांत करते, घरातील मोठी माणसे कंटाळतात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पूर्वीचेच सुरू होते. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात यावर नेमके मार्गदर्शन आहे. सवयीचे झालेले अहितकर एकदम न सोडता पादांशाने, म्हणजे चतुर्थांशाने, कमी करावे. तितक्याच अंशाने हितकर वाढवावे आणि प्रत्येक टप्प्यात काही दिवसांचे अंतर ठेवावे. यातील दुसरा भाग आपण विसरतो. काढून घेतलेला तास रिकामा ठेवला, तर मूल पुन्हा टीव्हीच मागणार.

या बालकाच्या बाबतीत प्रथम सकाळचा तास बंद केला. दुधानंतर त्याला आजीबरोबर फुलझाडांना पाणी घालण्यास पाठविले. चार दिवसांनी दुपारचा तास गेला. मुलाने ताटाशी बसून स्वतःच्या हाताने जेवायचे, सांडले तरी रागवायचे नाही, असे ठरले. सर्वांत अवघड होती रात्रीची वेळ, कारण ती आजींच्या मालिकेचीही वेळ होती. आजी प्रथम नाराज झाल्या. अखेर दुपारी नातू झोपल्यावर मालिकेचे पुनःप्रसारण पाहण्याचे त्यांनी मान्य केले आणि रात्री गोष्ट सांगण्याचे काम स्वतःकडे घेतले. सायंकाळचा एक तास तेवढा राहिला, तोही मोठे माणूस शेजारी बसून.

पहिले पंधरा दिवस औषध दिले नाही. सुरुवातीस आहार आणखी कमी झाला, तेव्हा आईला धीर देणे हेच मुख्य काम होते. महिन्याभरात मूल स्वतः जेवण मागू लागले, मलप्रवृत्ती नियमित झाली. झोपेची वेळ सुधारली, पण पूर्णपणे नाही.

मात्रा व दक्षता

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील बालकांस पडद्यासमोर बसवू नये. दोन ते चार वर्षांच्या बालकांस दिवसात एका तासाहून अधिक नको, त्याहून कमी असल्यास उत्तम. टीव्ही बंद करून हातात मोबाईल देणे म्हणजे परिवर्जन नव्हे. दोहोंचा हिशेब एकत्रच धरावा. पर्यायी खेळण्यांविषयी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायातील निकष आजही पुरेसे आहेत : विविध, आवाज करणारी, मनोहर, हलकी, अणकुचीदार नसलेली, तोंडात न जाणारी व भीती न दाखविणारी.

मात्र प्रत्येक लक्षण टीव्हीच्या माथी मारू नये. मूल पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसत असेल, तर नेत्रपरीक्षा करवून घ्यावी. बोलणे उशिरा येत असेल किंवा हाकेला प्रतिसाद नसेल, तर श्रवणपरीक्षा व बालरोगतज्ज्ञांचा सल्ला यांस विलंब लावू नये. वजन घटत असल्यास केवळ दिनचर्येवर विसंबू नये.

औषधी विक्रेत्या बंधूंनीही बाटली काढण्यापूर्वी आरंभीचा प्रश्न विचारावा आणि गरज वाटल्यास बालकास वैद्यांकडे पाठवावे. त्या दिवशी एका बाटलीची विक्री कमी होईल. परंतु ज्या घरातील मूल औषधावाचून जेवू लागले, ते घर पुढील आजारात सल्ल्यासाठी आपल्याकडेच येते.