जुडी दहाची, नफा किती?

लोहारा तालुक्यातलं सास्तूर हे शेतीवर जगणारं गाव. अशा गावांतल्या जिल्हा परिषद शाळांत बाल आनंद मेळावा भरतो, तेव्हा पोरं घरची मेथी, कोथिंबीर विकायला बसतात. जुडी दहा रुपयांना गेली, की दहाही नफ्याचेच वाटतात. बियाणं, खत, आईची मजुरी कुठे गेली? हा हिशेब गुरुजींनी तिथेच, गोणपाटावर बसून मांडायला हवा. दुपार टळली, मेथी कोमेजली, की तीच जुडी पाचला द्यावी लागते. मागणी-पुरवठ्याचा धडा याहून सोपा नाही.

माझ्या मते खरी निकड व्याज शिकवण्याची आहे. सावकाराचा दर शेकडा तीन रुपये महिना, ऐकायला किरकोळ! पण वर्षाचे ते छत्तीस टक्के. व्याजावर व्याज चढलं तर २४ महिन्यांत हजाराचे दोन हजारांवर होतात. सातवीच्या मुलांकडून ही आकडेमोड महिन्यागणिक वहीत करून घ्यावी.

बचतही शिकवावी. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानं सास्तूर उद्ध्वस्त केलं. घर पडलं तर डब्यातली रोकड ढिगाऱ्यात जाते, खात्यातली नोंद राहते. दहा वर्षांवरील मुलांना स्वतः बचत खातं चालवता येतं. बँकेच्या शाखेत जाऊन नियम विचारावेत.